तीन कप्प्यांचा क्रम

मला पसारा बघवत नाही. हा माझा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. रोह्याजवळच्या आमच्या वरसेच्या घरात मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यासुद्धा मी ठरवलेल्या जागीच बसतात, आणि नवऱ्याने हळदीच्या जागी जिरं ठेवलं तर मी ते त्याच्यादेखत उचलते, म्हणजे त्याला कळावं. "वर गेलीस की चित्रगुप्ताची वहीसुद्धा आवरायला काढशील," असं तो म्हणतो. या स्वभावापायी मी शेजारच्या एका बाईचं जे केलं, ते आठवलं की अजून मान वर होत नाही. केलेल्या चुकीची लाज वाटतेच. पण त्याहून जास्त वाटते ती नंतर बोललेल्या एका वाक्याची.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. आम्ही शोधयंत्राचं सॉफ्टवेअर बनवतो. रोह्यात कुणाला हे सांगितलं की "म्हणजे नेटवर शोधतात तसलं?" असं विचारतात, आणि मी "तसलंच, पण आतलं" असं सांगून सुटका करून घेते. आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या साइटच्या पोटात बसतं. त्यातली एक साइट नोकऱ्यांची. तुम्ही एकदा तुमचा शोध भरून ठेवायचा; नवी जाहिरात आली आणि ती तुमच्या शोधात बसली की फोनवर सूचना येते.

हा भरलेला शोध प्रोग्रॅममध्ये एक वस्तू होऊन राहतो. क्वेरी ऑब्जेक्ट म्हणतात त्याला. आमच्या वस्तूला तीन कप्पे होते. पहिल्यात जे पाहिजेच ते, दुसऱ्यात असलं तर बरं ते, तिसऱ्यात जे अजिबात नको ते. ही वस्तू दुसऱ्या मशीनला पाठवायची किंवा साठवून ठेवायची झाली, तर ती आहे तशी जात नाही. तिचे कप्पे रिकामे करून सगळा माल एका ओळीत मांडावा लागतो. हे सिरियलाइझ करणं. पलीकडे त्या ओळीतून पुन्हा कप्पे भरायचे, ते डीसिरियलाइझ. आता यातली मेख अशी, की जागा वाचावी म्हणून त्या ओळीत कप्प्यांची नावं लिहीत नाहीत. नुसता माल, ठरलेल्या क्रमाने. लिहिणाऱ्याने ज्या क्रमाने मांडलं, त्याच क्रमाने वाचणाऱ्याने उचलायचं. क्रम चुकला तरी वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण त्याच्या हाती येतात ते शब्दच असतात आणि तो ते निमूटपणे कप्प्यात टाकतो. म्हणून ओळीच्या तोंडाशी एक आवृत्तीचा आकडा असतो. क्रम बदललात तर तो आकडा वाढवा, म्हणजे जुनं लिखाण जुन्या रीतीने वाचलं जाईल, हा साधा नियम. नव्याने लागलेल्या पोरांना हा नियम मीच शिकवते.

एके दिवशी तो जुना कोड माझ्यासमोर आला आणि मला खुपायला लागला. 'पाहिजेच' आणि 'नकोच' या दोन सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्या मधे ते 'असलं तर बरं' येऊन बसलेलं. हे कुणी लिहिलं असेल, असं मी स्वतःशीच म्हटलं. मी 'नकोच' उचलून दुसऱ्या जागी आणलं, 'असलं तर बरं' शेवटी ढकललं. लिहिणाऱ्या बाजूला बदललं, वाचणाऱ्या बाजूलाही बदललं. मग चाचण्या चालवल्या. चाचणी काय करते, तर एक वस्तू बनवते, ओळीत मांडते, पुन्हा उभी करते आणि दोन्ही सारख्या आहेत का ते बघते. दोन्ही बाजू मीच बदललेल्या, त्यामुळे सारख्या येणारच होत्या. सगळं हिरवं, म्हणजे पास.

आमच्याकडे एकाचा कोड दुसऱ्याने तपासायची रीत आहे. माझा कोड तपासायला पुण्यातली एक नवी मुलगी होती. तिने खाली लिहिलं, "आधीच साठवलेल्या शोधांचं काय होईल?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. मी तो वाचला आणि मला राग आला. काल आलेली पोर मला विचारते! मी उत्तर दिलं, "नुसती आवराआवर आहे. चाचण्या हिरव्या आहेत." पुढे तिने काही विचारलं नाही, मंजुरी दिली. आवृत्तीचा आकडा मी वाढवला नाही, कारण आवराआवरीला कोण आकडा वाढवतं?

आता भाभी. आमच्या बाजूच्या घरात राहते. नवरा कुवेतला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. ती स्वतः बारा वर्षं नर्स, पनवेलच्या एका हॉस्पिटलात, आणि तिथे तिला बहुतेक रात्रपाळीच मिळते. घरी सासू, जिला मी खाला म्हणते, आणि शाळेत जाणारी मुलगी. खालाला हल्ली विसरायला होतं. झोपेतून उठून ती दाराची कडी काढते आणि माहेरी चालले म्हणून निघते. दोनदा शेजाऱ्यांनी वाटेतून परत आणली. म्हणून भाभीला रात्री घरी असणं भाग होतं. तिला दिवसाची नोकरी पाहिजे होती, रोह्यात, पेणला, नाहीतर नागोठण्याला. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

त्या साइटचं ॲप मीच तिला सुचवलं. "आतलं सॉफ्टवेअर आमचंच आहे," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तिने शोध आपल्या हाताने भरला. नर्स पाहिजेच. रोहा, पेण, नागोठणे असलं तर बरं. रात्रपाळी नको.

दोन महिने ते ठीक चाललं. फार जाहिराती नव्हत्या, पण आलेली एखादी कामाची असायची. मग एका रविवारी सकाळी भाभी फोन हातात घेऊन आमच्या ओट्यावर आली.

"ताई, तुमच्या ॲपला काय झालंय बघा ना. मी रात्रपाळी नको म्हणून भरलंय, तर पंधरा दिवस झाले, वर वर सगळ्या रात्रपाळीच येतात. आन रोहा नाय, पेण नाय. नाशिक हाय, लातूर हाय. नांदेड पण हाय."

मी चहा पीत होते. कप खालीसुद्धा ठेवला नाही. मी म्हटलं, "भाभी, मशीन चुकत नसतं हो. भरणारा चुकतो."

तेच ते वाक्य. वर हसलेसुद्धा.

"नाय ओ, मी नीट भरलंय."

"नको तिथे हो केलं असेल तुम्ही, आणि हो तिथे नको. होतं असं घाईत. आणा इकडे." मी तिला शेजारी बसवलं, जुना शोध बंद करायला लावला आणि नवा भरायला लावला. प्रत्येक खुणेला मी बोट दाखवायचे, "इथे काय लिहिलंय, वाचा बरं," असं म्हणायचे, आणि माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान असलेली ती बाई पहिलीतल्या मुलीसारखं मोठ्याने वाचायची. संध्याकाळी नागोठण्याच्या एका दवाखान्याची जाहिरात तिला आली. अर्धवेळ होती, तिच्या कामाची नव्हती, पण दिवसाची होती. म्हणजे मी भरून घेतलेलं बरोबर, तिचं चूक. सिद्धच झालं. दुसऱ्या दिवशी तिने पोह्याच्या पापडांचा डबा आणून दिला. "तुमच्यामुळं कळलं, नायतर मी बसले असते ॲपला शिव्या देत," ती म्हणाली. पापड चांगले होते. आम्ही आठवडाभर खाल्ले.

त्याच आठवड्यात तिला मैत्रिणीकडून कळलं, की पेणच्या एका नव्या हॉस्पिटलात दिवसपाळीच्या नर्सची जागा निघाली होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. जाहिरात त्याच साइटवर होती, त्याच पंधरा दिवसांतली. ती चौकशीला गेली तेव्हा जागा भरलेली होती. परत आल्यावर फाटकाशी उभी राहून म्हणाली, "माझंच चुकलं. खूण उलटी केली ना मी." आणि मी तिची समजूत घातली. "जाऊ द्या, दुसरी येईल," म्हटलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी साइटवाल्यांची तक्रार कंपनीत आली. लोकांना नको त्याच नोकऱ्यांच्या सूचना जातायत. आमच्या प्रमुखाने सकाळच्या ऑनलाइन बैठकीत पडद्यावर बिघडलेले शोध उघडले. त्यात नावं नव्हती, नुसते क्रमांक. एकाला पुणे हवं होतं, त्याला पुणे सोडून सगळं जात होतं. सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण दुसरा आणि तिसरा कप्पा माझ्या हातांनी अदलाबदल केले होते. जुन्या क्रमाने लिहिलेलं आता नव्या क्रमाने वाचलं जात होतं. 'असलं तर बरं' ते 'नकोच'च्या कप्प्यात पडत होतं आणि 'नकोच' होतं ते 'बरं'मध्ये. प्रमुख एकेक ओळ खाली सरकवत होता. त्यातली एक ओळ अशी होती: नर्स पाहिजेच; रोहा, पेण, नागोठणे नकोच; रात्रपाळी असली तर बरं. पुढे लिहिलेलं, शोध बंद केला, आणि तारीख त्या रविवारची.

मी कॅमेरा बंद केला. ती पुण्यातली मुलगी बैठकीत होती. तिने प्रश्न विचारला होता हे तिने कुणालाच सांगितलं नाही. लाजायला मला एवढंसुद्धा पुरेसं होतं.

त्या दिवशी मला माझ्या वडिलांची वही आठवली. पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता, छोटासा, घराच्या मागेच. प्रत्येक मूर्तीच्या मागणीची एक ओळ वडील वहीत लिहायचे: उंची, बैठक, पितांबराचा रंग, शेल्याचा रंग. वर मथळे नसायचे. रंगकाम करणाऱ्यांना क्रम तोंडपाठ होता. तिसरं ते पितांबर, चौथं तो शेला. मी आठवीत असताना सुट्टीत ती मळकी वही नव्या वहीत उतरवून काढली, आणि उतरवताना शेला आधी घेतला, कारण मूर्तीकडे बघताना वरून खाली बघतात. अक्षर फार सुरेख काढलं होतं. पंचवीसेक मूर्तींना पिवळ्याच्या जागी जांभळी पितांबरं लागली. गिऱ्हाईक येऊन ओरडायला लागलं तेव्हा रंगारी मान खाली घालून उभे होते. वडील पुढे झाले आणि म्हणाले, "वही माझी, चूक माझी. यांनी लिहिलंय तसंच रंगवलंय. परवा या." माझं नावही घेतलं नाही. मग दोन दिवस स्वतः बसून रंग खरवडत होते. मला तेव्हा लाज वाटली नव्हती. माझी वही जास्त चांगली होती, हेच डोक्यात होतं.

म्हणजे हीच चूक मी तेराव्या वर्षी केली होती, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पगार घेऊन पुन्हा केली. वडिलांसारखं पुढे होऊन बोलायचं तेवढं शिकले नव्हते.

दुरुस्ती सोपी होती. आवृत्तीचा आकडा वाढवला, जुन्या ओळींना जुना क्रम दिला, आणि मधल्या दिवसांतल्या ओळी तारखेवरून ओळखून बाजूला काढल्या. मग झाल्या प्रकाराचं टिपण लिहायचं होतं. अशा टिपणात कुणाला दोष द्यायचा नाही, अशी कंपनीची पद्धत आहे, आणि पद्धत चांगली आहे. मी लिहिलं, 'साठवणीतील कप्प्यांचा क्रम बदलला गेल्याने जुने शोध चुकीच्या अर्थाने वाचले गेले.' प्रमुखाने शाबासकी दिली. किती मुद्देसूद लिहिलंय, म्हणाला. मी धन्यवाद म्हटलं. नंतर त्या मुलीला मी वेगळा निरोप पाठवला, की प्रश्न तुझा बरोबर होता, मी ऐकायला हवं होतं. तिने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. तो मी मुकाट गिळला.

भाभीला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत सव्वा महिना गेला. ती रोज साडेचारच्या सुमाराला पिशवी खांद्याला लावून स्टेशनवर निघायची आणि मी नेमकी तेव्हा आत काहीतरी काम काढायचे. मनाशी मी वाद घालायचे. सांगून जागा परत मिळणार आहे का? तिला सिरियलायझेशन काय कळणार? ही दुसरी सबब तर फारच हलकी होती. बारा वर्षं लोकांच्या शिरा शोधणाऱ्या बाईला तीन कप्पे कळले नसते काय?

मग एक दिवस ती मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आली. दोन पानांचा साधा फॉर्म. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, हा तुम्हीच भरा. आता मी कशावर खूण करत नाय."

"अहो, यात काय आहे? नाव, पत्ता..."

"नको. माझ्या हातून उलटंसुलटं होतं. आमच्यांनी पण सांगितलंय, ताईंकडून भरून घे म्हणून." मग जरा थांबून, हसल्यासारखं करून म्हणाली, "वॉर्डात पण आता बाटलीवरचं नाव दुसऱ्या सिस्टरला वाचायला लावते मी. आपलं डोकं ठिकाणावर नसेल तर कशाला उगाच?"

ती गेली. मी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले आणि माझ्याच्याने पेनाचं टोपण निघेना. पेणची नोकरी गेली हे वाईट होतंच, पण तिला रोज उठून आपल्याच हातांची भीती वाटत होती, आणि ती भीती मी एका चहाच्या कपाबरोबर तिच्या गळ्यात घातली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चारच्या आधी तिच्या घरी गेले. भाभी ड्युटीचे कपडे घालून पिशवी भरत होती. खाला कॉटवर बसून वाल सोलत होती. मी फॉर्म आणि पेन मांडीवर धरून सगळं सांगितलं. तीन कप्पे, नावं नसलेली ओळ, जुना क्रम, नवा क्रम. एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर उठून आले असते. भाभीचे हात थांबले होते.

"म्हणजे मी बरोबर भरलं होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं बरोबर होतं, भाभी."

ती खुर्चीवर बसली. पेणच्या नोकरीबद्दल काही बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आन तुम्हाला हे कधी कळलं?"

"महिना होऊन गेला."

एवढ्यात फोन वाजला. कुवेतला शुक्रवारी सुट्टी, नमाज आणि जेवण आटोपलं की तिच्या नवऱ्याचा फोन येतो. तिने तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

"ताई आल्यात. त्यांना तुमच्याशी बोलायचं हाय," ती त्याला म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

त्याने सलाम केला, खुशाली विचारली. मी म्हटलं, "ते ॲपचं झालं होतं ना, त्याबद्दल. भाभींनी बरोबर भरलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कप्प्यांचा क्रम बदलला गेला होता, त्यामुळे..."

"कोणी बदलला ते सांगा," भाभी म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

"मी," मी म्हटलं. "मी बदलला. आणि दोष त्यांना दिला."

तो म्हणाला, "ती बोलत होती मला, मी बरोबर भरलंय म्हणून. तीनदा बोलली. मी तिलाच ओरडलो. म्हटलं, ताई शिकलेल्या हायत, त्या कशाला चुकीचं सांगतील?"

खालाने वाल सोलता सोलता "कोण हाय गो?" असं विचारलं, आणि भाभीने "शेजारच्या ताई" म्हणून सांगितलं. फोन उचलून ती आतल्या खोलीत गेली. दोन-तीन मिनिटं तिचा दबका आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"तो फॉर्म द्या इकडं," ती म्हणाली.

मी दिला. अजून कोराच होता. तिने माझ्याच हातातलं पेन घेतलं, टेबलाशी उभ्याउभ्या वाकून भरायला सुरुवात केली. नाव, पत्ता, इयत्ता. खुणांच्या चौकटींशी आली तेव्हा तिचं पेन एका जागी अडलं. सवयीने माझं बोट पुढे झालं होतं. मी ते मागे घेतलं. तिने खूण केली, पुढची केली, सही केली. मग फॉर्मची घडी घालून पिशवीत ठेवला आणि घड्याळ बघून चपला घातल्या. मला तपासायला दिला नाही.